झूम करणं आणि जवळ जाणं

आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी छापलेले फोटो टेबलावर मांडून बसतो. ज्याचा फोटो, त्याने आधी गप्प बसायचं, एवढाच नियम. एकदा मी अंगणातल्या तुळशी वृंदावनाचा फोटो मांडला. मागचं दार वृंदावनाला अगदी चिकटल्यासारखं दिसत होतं. गटातल्या काकांनी लेन्स कुठली ते विचारलंच नाही. म्हणाले, "उभा कुठे होतास?" मी म्हटलं, लांब होतो, झूम केलं. "मग जवळ का नाही गेलास?" तोवर मी दोन्ही एकच समजत होतो.

झूमने चौकटीत किती मावतं ते बदलतं. पुढची वस्तू मागचीपेक्षा किती मोठी दिसणार, हे मात्र तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं, आणि फक्त त्यावरच. लेन्सचा त्यात हात नाही.

कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स असेल तर घरीच करून बघा (हे आकडे मिलिमीटरचे; आकडा जितका मोठा, तितका झूम जास्त). वृंदावनापासून १ मीटरवर उभं राहून १८ वर फोटो काढा. मग २ मीटर मागे जा आणि ५५ वर काढा, म्हणजे वृंदावनापासून ३ मीटरवर उभं राहून. दोन्हींत वृंदावन जवळपास सारख्याच आकाराचं येईल. आता दार बघा. ते वृंदावनाच्या ४ मीटर मागे असेल, तर दुसऱ्या फोटोत पहिल्याच्या दुपटीहून मोठं दिसेल. वृंदावन तेच, दार तेच, फक्त तुमचे पाय हलले. मग त्याच ३ मीटरवरून १८ वर आणखी एक फोटो काढा आणि मधला भाग कापून मोठा करा. तो ५५ च्या फोटोसारखाच दिसेल. बारकावे कमी असतील, मागचा धूसरपणाही वेगळा असेल, पण दार आणि वृंदावन यांचं नातं तेच.

सेल्फीत नाक मोठं येतं म्हणून लोक मोबाइलच्या वाइड लेन्सला दोष देतात. दोष अंतराचा आहे. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १० सेंटिमीटर मागे असतो असं धरा. मोबाइल नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४० वर, म्हणजे नाक कानाच्या मानाने तब्बल ३३ टक्के मोठं. तोच चेहरा २ मीटरवरून टिपला तर हा फरक ५ टक्क्यांवर येतो. (वाइड लेन्स चौकटीच्या कडेचे चेहरे ताणते हे खरं, पण ती गोष्ट वेगळी.) पोर्ट्रेटला ८५ ची लेन्स चांगली म्हणतात, त्यात हेही कारण आहे की ती तुम्हाला मागे सरायला लावते.

दिवे घाटातले वारीचे फोटो आठवा. लांबून, २०० किंवा त्याहून मोठ्या लेन्सने टिपलेल्या फोटोत घाटाची वळणं एकावर एक रचल्यासारखी दिसतात आणि सगळा रस्ता माणसांनी भरून वाहतो. आता वारीच्या आत शिरा. डोक्यावर तुळस घेतलेल्या माउलीपासून हातभर अंतरावर, २४ ची लेन्स. तिचा घामेजलेला चेहरा चौकटभर, आणि मागचे हजारो वारकरी तिच्या खांद्यापलीकडे लहान होत गेलेले. मला दुसरा फोटो जास्त आवडतो, कारण तिथे जाऊन, तिच्याकडे बघून, तिची संमती मिळवून तो काढावा लागतो. पण पहिलाही खराच. दिंड्यांचा प्रवाह किती मोठा आहे, ते त्याच्याशिवाय कळत नाही.

मागे सरण्याची ताकद बघायची तर पौर्णिमेला बघा. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा घेतो. १० मीटर उंचीचं देवळाचं शिखर साधारण १.१ किलोमीटरवरून तेवढंच दिसतं. शिखराएवढा चंद्र हवा असेल तर आधी शेतं तुडवत तेवढं लांब जावं लागतं, मोठी लेन्स त्यानंतर.

म्हणून एकमेकांचे फोटो बघताना "छान आलाय" एवढ्यावर थांबू नये असं मला मनापासून वाटतं. मिळालेला शेरा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. "आजूबाजूला फार रिकामं आहे" हा चौकटीचा शेरा. तो झूमने, नाहीतर घरी कापून सुधारतो. "मागचा खांब डोक्यातून उगवलाय", "आजी आणि नातू एकत्र वाटत नाहीत" हे पायांचे शेरे. दोन पावलं डावीकडे, गुडघा टेकून, एक मीटर पुढे. हे घरी बसून कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये कापाकापी करून जमत नाही. त्या जागी परत जावं लागतं.

मी गेलो. पुढच्या रविवारी तेच वृंदावन १ मीटरवरून काढलेलं मांडलं. दार मागे लहान झालं होतं, मधलं शेणाने सारवलेलं अंगण मोकळं झालं होतं, आणि पहिल्या फोटोत अजिबात न दिसलेली रांगोळी त्यात होती. काकांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "आणि खाली बसून बघितलंस का?"