खारपाणपट्ट्यातील आग, पाणी आणि गंज : हाताने चालवायचा वॉटर मॉनिटर निवडताना

विदर्भातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस येऊ लागतो आणि उन्हाळा लागेपर्यंत आवारात कापसाच्या गंजी, सरकीचे ढीग आणि प्रत्येकी सुमारे १७० किलो वजनाच्या रुईच्या गाठी रचलेल्या असतात. कापसातून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासला गेला, तर त्यातून उडालेली ठिणगी रुईच्या आत बराच वेळ धुमसत राहते आणि कोणाचे लक्ष नसताना पेट घेते. तालुक्याच्या गावाहून अग्निशमन बंब पोहोचेपर्यंतचा वेळ कारखान्यातील माणसांनाच निभावून न्यावा लागतो. अशा वेळी आवाराच्या कोपऱ्यात खांबावर बसवलेला, हाताने फिरवता येणारा वॉटर मॉनिटर, म्हणजेच पाण्याची तोफ, हे त्यांच्याजवळचे सर्वांत प्रभावी साधन असते. त्याला स्वतःला वीज लागत नाही. पंप डिझेल इंजिनावर चालणारा असेल, तर वीजपुरवठा खंडित झाला असतानाही तो काम करतो.

हे साधन विकत घेताना बहुतेक ठिकाणी पाण्याचा फेक किती आणि किंमत किती, एवढेच विचारले जाते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असला पाहिजे : आपल्या टाकीत कोणते पाणी आहे? मॉनिटर वर्षानुवर्षे उभा असतो आणि प्रत्यक्ष वापर काही मिनिटांचा असतो. त्यामुळे तो झिजून निकामी होत नाही, गंजून निकामी होतो.

साधनावर पडणारा भार आधी लक्षात घेऊ. दर चौरस सेंटीमीटरला सात किलो दाबावर नोझलमधून पाणी सेकंदाला सुमारे ३७ मीटर, म्हणजे ताशी १३० किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडते. मिनिटाला २,००० लिटर पाणी या वेगाने फेकले जात असेल, तर उलट दिशेने बसणारा रेटा सुमारे १२५ किलो वजनाइतका भरतो. शेतात मोटर सुरू होताच मोकळी पडलेली रबरी नळी जशी उसळते, तोच हा परिणाम, फक्त कितीतरी पटींनी मोठा. एवढा रेटा माणूस हातात पेलू शकत नाही, म्हणून मॉनिटर फ्लँजला, म्हणजे पाइपच्या टोकावरील चकतीसारख्या कडेला, बोल्टने आवळून पक्का बसवतात. तो संपूर्ण रेटा दोन फिरत्या सांध्यांतून आणि तळाच्या बोल्टांतून जमिनीत उतरतो. बाहेरचा पाइप गंजून खराब दिसत असला, तरी बहुधा काम देतो. सांधा जाम झाला किंवा बोल्ट आतून खाल्ला गेला, तर मात्र आगीच्या वेळी मॉनिटर वळत नाही किंवा धोकादायक रीतीने हलू लागतो.

आता पाण्याकडे वळू. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरी आणि बोअरवेलचे पाणी खारट असते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास १,००० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालवून घेतले जाते. या पट्ट्यातील अनेक स्रोत या मर्यादेत बसत नाहीत. गोडे पाणी माणसांसाठी राखून आगीची टाकी बोअरच्या खाऱ्या पाण्याने भरणे हा तिथला समजण्यासारखा व्यवहार आहे. परंतु समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या साधनाला त्यामुळे किनाऱ्यासारखी परिस्थिती सोसावी लागते.

क्लोराइड घातक का ठरते, हे स्टेनलेस स्टीलच्या रचनेवरून कळते. लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले, की हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर केवळ काही नॅनोमीटर जाडीचे क्रोमियम ऑक्साइडचे कवच तयार होते. ते खरवडले गेले, तरी पुन्हा आपोआप तयार होते. क्लोराइडचे आयन मात्र हे कवच एखाद्या बारीक ठिकाणी फोडतात. तिथे खड्डा पडतो, खड्ड्यातील पाणी आम्लधर्मी होते आणि खड्डा आत आत खोल जात राहतो, तर बाहेरचा भाग लखलखीतच दिसतो. सांध्यांच्या फटीत आणि वायसरच्या खाली, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे ही क्रिया अधिक जोमाने चालते. तापमानाबरोबर तिचा वेग वाढतो आणि विदर्भात मे महिन्यात हवेचेच तापमान ४५ अंशांवर जाते, तेव्हा उन्हात तापलेल्या धातूचे तापमान त्याहून बरेच जास्त असते.

म्हणून नुसते ‘एसएस’ असे लिहून मागवणे पुरेसे नाही. ३०४ या प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, तर ३१६ मध्ये त्याशिवाय दोन टक्क्यांहून थोडे अधिक मॉलिब्डेनम असते आणि तेच खड्डे पडण्याला अटकाव करते. साध्या तापमानाला, लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंत ३०४ आणि १,००० मिलिग्रॅमपर्यंत ३१६, असा ढोबळ संकेत पाळला जातो. साचलेले पाणी आणि आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घेता या मर्यादांच्या बऱ्याच खाली राहणे शहाणपणाचे आहे. बाजारात मॅंगनीज जास्त आणि निकेल कमी असलेले २०० मालिकेतील स्वस्त पोलादही स्टेनलेस म्हणूनच विकले जाते. लोहचुंबक लावून पाहण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही, कारण या तिन्ही प्रती चुंबकाला जवळजवळ सारख्याच दाद देत नाहीत. धातूच्या रासायनिक चाचणीचे प्रमाणपत्र मागणे हाच खात्रीचा मार्ग आहे. ओतीव भागांसाठी ३१६ शी मिळत्याजुळत्या प्रतीला सीएफ-८एम म्हणतात आणि ते नाव प्रमाणपत्रावर असावे.

गनमेटल, म्हणजे तांबे, कथील आणि थोडे जस्त यांचा मिश्रधातू, खाऱ्या पाण्यात उत्तम टिकतो. खारपाणपट्ट्यातील जिनिंगसाठी गनमेटलचे नोझल आणि सांधे ही मला सर्वांत भरवशाची निवड वाटते. साधे पितळ मात्र त्याच्या बदल्यात स्वीकारू नये, कारण खाऱ्या पाण्यात पितळातील जस्त विरघळून जाते आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरते. गनमेटललाही एक मर्यादा आहे. युरियाच्या गोदामाजवळ अमोनियाचा वास येत असेल, तर तांब्याचे मिश्रधातू तिथे धोक्यात येतात आणि स्टेनलेस बरे पडते. त्याच गोदामात म्युरिएट ऑफ पोटॅश असेल, तर ते स्वतःच पोटॅशियम क्लोराइड असल्याने त्याची धूळ ३०४ ला सोसत नाही. ॲल्युमिनियमचे मॉनिटर हलके असतात आणि उचलून नेण्यासाठी सोयीचे असतात, परंतु त्यांना पितळी कपलिंग जोडून खारे पाणी सोडले, तर ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते. चंद्रपूर-वणीकडे खाणीतले पाणी वापरायचे असेल, तर त्याची आम्लता आधी तपासून घ्यावी, कारण कोळशातील पायराइटचा हवा-पाण्याशी संयोग होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होऊ शकते आणि त्यापुढे बीड (ओतीव लोखंड) व ॲल्युमिनियम दोन्ही कमकुवत ठरतात.

दोन वेगवेगळे धातू ओल्या अवस्थेत एकमेकांना टेकले, की त्यांतील कमी प्रतिकार करणारा धातू झिजतो. स्टेनलेसच्या मोठ्या फ्लँजला साध्या लोखंडाचे चार बोल्ट लावले, तर सगळी झीज त्या छोट्याशा बोल्टांवर एकवटते. मूळ बोल्ट हरवल्यावर गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून मिळेल तो बोल्ट आणून लावला जातो, आणि महाग मॉनिटर त्या एका बोल्टामुळे कुचकामी ठरतो. खरेदी करतानाच त्याच धातूचे जादा बोल्ट मागवून ठेवणे अगदी स्वस्त पडते. याच्या उलट, फिरत्या सांध्यात मात्र स्टेनलेसवर स्टेनलेस घासू देऊ नये, कारण दाबाखाली त्यांचे पृष्ठभाग एकमेकांत रुतून जाम होतात. तिथे मध्ये ब्राँझची कडी किंवा छर्रे आणि बाहेरून ग्रीस भरण्याची सोय आहे का, ते पाहावे.

हाताने फिरवण्याच्या दोन पद्धती आहेत. दांडीने फिरणारा मॉनिटर झटकन वळतो, पण तो धरून ठेवायला एक माणूस लागतो. चाक आणि गिअर असलेला सावकाश वळतो, मात्र ज्या कोनात सोडला तिथेच थांबतो, म्हणून एकट्या रखवालदाराला तो रोखून दुसऱ्या कामाला जाता येते. जिथे रात्रपाळीला मोजकी माणसे असतात, तिथे मी गिअरचाच आग्रह धरीन. नोझल सरळ धारेपासून फवाऱ्यापर्यंत बदलता येणारेच हवे, कारण जोराच्या धारेने जळता कापूस उडून शेजारच्या गंजीवर पडतो.

भारतीय मानक आयएस ८४४२ खांबावरच्या पाणी व फेस मॉनिटरांसाठी आहे आणि खरेदीच्या आदेशात त्याचा उल्लेख असावा. टाकीचा हिशेबही त्याच वेळी करावा : मिनिटाला २,००० लिटर ओढणाऱ्या एकाच मॉनिटरला ५०,००० लिटरची टाकी जेमतेम २५ मिनिटे पुरते.

हंगाम संपल्यावर मॉनिटर पावसाळाभर निपचित उभा राहतो आणि गंजाचे काम याच काळात होते. खाऱ्या पाण्याने चाचणी घेतली असेल, तर नंतर गोड्या पाण्याने आतून धुवून खालच्या झडपेतून सगळे पाणी काढून टाकावे, कारण सतत बुडालेल्या धातूपेक्षा ओला-कोरडा होत राहणारा धातू लवकर खराब होतो. सांध्यांत ग्रीस भरून महिन्यातून एकदा मॉनिटर पूर्ण फेरा आणि वर-खाली फिरवावा. महाराष्ट्रातील २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून जानेवारीत आणि जुलैत प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीच्या दिवशी केवळ रंग आणि दाबमापक न पाहता सांधा हाताने फिरवून दाखवायला सांगावे, आणि फिरवायला जोर लागला तर दुरुस्ती कापूस यायच्या आधी उरकून घ्यावी.