मान धरणं आणि मान ओढणं
मानेचा मणका मोडलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी टाकताना मान हलू नये म्हणून फक्त डोकं धरायला एक माणूस लागतो. त्याला सांगितलं जातं, "मान सरळ रेषेत धर." घाईत तो डोकं धरता धरता हलकेच स्वतःकडे ओढू लागतो. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळतही नाही. पूर्वी असं ओढायलाच शिकवत, त्यामुळे ती सवय अजून पुरती गेलेली नाही.

धरणाऱ्याचे तळवे कानामागच्या हाडांवर आणि डोक्याच्या मागच्या बाजूला असतात. त्याने स्वतःहून जोर लावायचाच नाही. लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं पातं लावलेलं उपकरण) जीभ उचलतो तेव्हा डोकं मागे झुकू पाहतं, आणि ही हालचाल मुख्यतः कवटी व पहिल्या दोन मणक्यांमध्ये होते. तेवढ्या जोराला तेवढाच विरोध करायचा, बस्स.

ओढण्यात मात्र जोर आपण घालतो. मणके एकमेकांना बांधून ठेवणारे अस्थिबंध शाबूत असतील तर ते तो सोसतात. पण ते फाटलेत म्हणून तर मान अस्थिर! अशा वेळी मणके एकमेकांपासून सुटतात आणि मधला मज्जारज्जू ताणला जातो. कवटी पहिल्या मणक्यावरून निखळली असेल तर हा धोका सर्वांत मोठा.

ओढण्याला जागा आहे, पण ती वेगळी: सरकलेले मणके जागेवर आणताना. तिथे कवटीला चिमटे लावून वजनं टप्प्याटप्प्याने वाढवतात, दर टप्प्याला एक्स-रे काढतात आणि जाग्या रुग्णाला हातपाय हलवायला सांगतात. नळी टाकायच्या धांदलीत यातलं काहीच हाताशी नसतं.

धरण्याचीही किंमत मोजावी लागते. त्याने स्वरयंत्र नीट दिसत नाही. म्हणून मानेला लावलेल्या कॉलरचा पुढचा भाग काढतात (नाहीतर तोंडच उघडत नाही), बुजी (जिच्यावरून नळी आत सरकवतात ती बारीक लवचिक कांडी) तयार ठेवतात, कॅमेरावाला व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असेल तर तोच घेतात. एवढं करूनही नळी जात नसेल आणि ऑक्सिजन घसरत असेल, तर पकड थोडी सैल करावी असं माझं ठाम मत आहे. दुखावलेल्या मज्जारज्जूला ऑक्सिजनची टंचाईही सोसत नाही.

अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस या मणक्यांच्या आजारात मान वर्षानुवर्षं पुढे वाकून गोठलेली असते. तिथे "सरळ रेषेत" धरण्याच्या नादात ती सपाट करायला जाऊ नये. डोक्याखाली उशी द्यावी आणि मान तिच्या नेहमीच्या वाकातच धरावी.