बिनव्याजी बँक गावापर्यंत का पोचली नाही: पार्श्वभूमी

इस्लामिक बँकिंगबद्दल गावाकडं जो गोंधळ आहे ना, त्यातला निम्मा 'बिनव्याजी' या एका शब्दामुळं आहे. आपल्या शेतकऱ्याला बिनव्याजी म्हटलं की पीककर्ज आठवतं, २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंत शून्य टक्क्यानं मिळतं ते, वेळेत फेडलं तर. पण त्याला व्याज लागतंच, फक्त ते सरकार भरतं.

इस्लामिक बँकेत व्याजच नाही, कारण इस्लाममध्ये व्याज घेणं-देणं निषिद्ध आहे. समजा शिलाई मशीन वीस हजाराचं आहे, तर बँक ते आधी स्वतः विकत घेणार आणि मग बाईला तेवीस हजाराला हप्त्यावर विकणार. किंमत पहिल्या दिवशी ठरली ती ठरली, हप्ता थकला म्हणून बँकेची कमाई वाढत नाही. यावर कुणीही विचारतं, मग वरचे तीन हजार व्याज नाही तर काय? प्रश्न रास्तच आहे. फरक एवढाच की मशीन ताब्यात द्यायच्या आधी मोडलं तर नुकसान बँकेचं, कारण तोवर मालक बँक.

भागीदारीचा प्रकार तर शिकवावाही लागत नाही. शेळी अर्धलीनं देतात, एकाची शेळी, दुसऱ्याची राखण, करडं निम्मी निम्मी. शेळी मेली तर मालकाचा पैसा गेला आणि राखणाऱ्याची मेहनत गेली. मुदारबा म्हणतात तो साधारण हाच, आणि कर्ज-ए-हसना म्हणजे आपलं हातउसनं. चाल घरचीच आहे, नाव तेवढं परकं वाटतं.

उत्तर प्रदेशातल्या देवबंदला १९६१ पासून बिनव्याजी कर्ज देणारा फंड आहे, मुंबईत सत्तरच्या दशकात बिनव्याजी पतसंस्था आल्या. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. १९४९ च्या कायद्यानं बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही, म्हणजे वरचं मशीनच अडलं. २००६ साली रिझर्व्ह बँकेच्या एका गटानं सांगितलं, सध्याच्या कायद्यात हे बसत नाही. २००८ मध्ये दुसऱ्या समितीनं व्याजमुक्त बँकिंगला वाट करून द्या म्हटलं, २०१५ मध्ये तिसरीनं नेहमीच्याच बँकांत वेगळी खिडकी सुचवली. आणि २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं माहिती अधिकारात कळवलं की प्रस्ताव पुढं न्यायचा नाही, कारण सगळ्या नागरिकांना बँकिंगची व्यापक आणि समान संधी आहेच.

हे कारण मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. खातं आहे म्हणजे संधी आहे असं कसं म्हणायचं? मुंबईत डोंगरीला मी व्याज नको असलेल्या माणसांची अशी पासबुकं बघितलीत की व्याजाच्या प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीची रेघ, तेवढी रक्कम बाजूला काढून गरजूला द्यायची, आणि त्याचं पुण्यही मोजायचं नाही. ही माणसं सुट्टीत रत्नागिरीकडं गावी जातात तेव्हा हाच हिशेब सोबत नेतात, तिथं कर्ज घ्यायची वेळ आली की बँकेत न जाता नातेवाइकाकडं जातात.

मग २०१९ मध्ये बेंगळुरूची एक कंपनी बुडाली, हलाल, म्हणजे धर्माला चालणाऱ्या, नफ्याच्या नावानं हजारो लोकांचे पैसे घेऊन. ती बँक नव्हतीच, पण गावात हा फरक कोण समजावणार? तेव्हापासून 'हलाल' शब्द निघाला की आधी विचारतात, पैसे परत मिळतील ना? बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, आणि व्याज नको असलेल्या माणसाला २०१७ नंतर जवळची म्हणून उरली ती पतसंस्थाच.