डेस्कटॉप सपोर्टमधून सर्व्हरकडे जायचंय? सर्टिफिकेशनचा अर्ज नेमका कुठे अडतो

पात्रतेचं आधी सांगते, कारण निम्मी माणसं तिथूनच परत फिरतात. कॉम्पटिया संस्थेची सर्व्हर+, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची एलपीआयसी-१, रेड हॅट कंपनीची लिनक्सचीच आरएचसीएसए, मायक्रोसॉफ्टची विंडोज सर्व्हरची परीक्षा, यांतल्या एकीलाही पदवी लागत नाही, अनुभवाचा दाखला लागत नाही, आधीचं सर्टिफिकेट लागत नाही. सर्व्हर+च्या माहितीत दोन वर्षांच्या अनुभवाचा उल्लेख आहे, पण ती शिफारस आहे, अट नाही. हे ठळक अक्षरांत लिहायला कुणाचं काय जातं कळत नाही. सर्व्हरचा अनुभव नाही म्हणून परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणून सर्व्हरचं काम नाही, या फेऱ्यात माणसं वर्षं घालवतात. खरी अट पुढच्या पायरीवर लागते: रेड हॅटचंच वरचं सर्टिफिकेट आरएचसीई मिळायला आरएचसीएसए हातात असावी लागते.

निवड करताना याद्या चाळत बसू नका. दिवसभर तुम्ही कशाला हात लावता ते बघा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीच्या युजर खात्यांची विंडोजमधली नोंद) पासवर्ड रीसेट करणं, मशीन डोमेनला जोडणं, ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनना एकदम लावलेली सेटिंग्ज) का लागत नाही ते शोधणं हे रोजचं असेल, तर विंडोज सर्व्हर तुम्हाला जवळचा आहे. त्याचं सर्टिफिकेशन एझेड-८०० आणि एझेड-८०१ अशा दोन परीक्षांचं आहे. एक पास झालात तर हातात काहीच पडत नाही, दोन्ही लागतात. एकच देऊन बायोडेटात सर्टिफिकेशनचं नाव टाकणारे पडताळणीत उघडे पडतात. नोकरीच्या जाहिरातींत अजून एमसीएसए, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं जुनं सर्टिफिकेशन, मागतात. ते ३१ जानेवारी २०२१ ला बंद झालं, आता कुणालाच मिळू शकत नाही. त्याच्या नावाने कुणी क्लासची फी मागत असेल तर देऊ नका. कोणत्याही परीक्षेचे पैसे भरण्याआधी ती बंद होण्याची तारीख जाहीर झाली आहे का, हे तिच्या अधिकृत पानावर बघा.

लिनक्सकडे जायचं असेल तर एलपीआयसी-१ च्याही दोन परीक्षा आहेत, प्रत्येकी ६० प्रश्न आणि ९० मिनिटं. आरएचसीएसए वेगळी. तिथे प्रश्नपत्रिका नसते, चालू मशीनवर काम करून दाखवायचं असतं. माझं मत विचाराल तर सर्व्हरचं काम देणारा माणूस तिला जास्त मान देतो.

आता कागदपत्रं. खरं तर कागद एकच: फोटो असलेलं, मुदत न संपलेलं, मूळ सरकारी ओळखपत्र. आणि सगळ्यात जास्त माणसं याच एका कागदावर परत जातात. नोंदणीत नाव जसं लिहिलंय तसंच ते ओळखपत्रावर हवं. नोंदणीत नुसतं आद्याक्षर आणि कार्डावर पूर्ण नाव, किंवा लग्नानंतर एकीकडे नवं आडनाव आणि दुसरीकडे जुनं, परत पाठवायला एवढं पुरतं. एक मुलगा माझ्यासमोर केंद्रातून परत आला. तयारी चोख होती, पण खातं उघडताना त्याने घरी हाक मारतात ते नाव घातलं होतं. फी गेली. प्रोफाइलमधलं नाव दुरुस्त व्हायला वेळ लागतो, म्हणून परीक्षेची तारीख घेण्याआधीच ओळखपत्र शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. आणि खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा. ऑफिसच्या ईमेलवर उघडलंत तर नोकरी सोडल्यावर आपलंच सर्टिफिकेट बघायची चोरी.

व्हाउचर म्हणजे फी आगाऊ भरून मिळणारं परीक्षेचं कूपन. त्यावरची तारीख चुकीची वाचली जाते. कॉम्पटियाच्या व्हाउचरवरच्या तारखेपर्यंत परीक्षा देऊन झालेली हवी. त्या तारखेपर्यंत नुसतं बुकिंग केलं तर चालत नाही. शेवटच्या आठवड्यात केंद्रावर जागा मिळत नाही आणि व्हाउचर वाया जातं.

घरून परीक्षा देणार असाल तर ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका. त्यातलं व्हीपीएन आणि फायरवॉल परीक्षेचं सॉफ्टवेअर अडवतात, आणि ॲडमिनचे हक्क तुमच्याकडे नसतात. सिस्टिम टेस्ट त्याच मशीनवर, त्याच नेटवर, आदल्या दिवशी करा. दुसरा मॉनिटर काढून ठेवा. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर ती आधी मोडा, त्यावरून परीक्षा थांबवतात.

आरएचसीएसएबद्दल थोडं जास्त सांगते, कारण काम येत असूनही माणसं इथे नापास होतात. ३०० पैकी २१० गुण लागतात, वेळ तीन तास. केलेली सेटिंग्ज मशीन रीबूट झाल्यावरही टिकली तरच गुण. सर्व्हिस स्टार्ट केली पण एनेबल केली नाही (म्हणजे मशीन उठताना ती आपोआप सुरू होत नाही), फायरवॉलचा नियम घातला पण पर्मनंट केला नाही, डिस्क माउंट केली, म्हणजे जोडली, पण एफएसटॅबमध्ये (मशीन उठताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणारी फाइल) ओळ लिहिली नाही: तुमच्या डोळ्यांसमोर सगळं चाललेलं असतं, रीबूटनंतर काहीच उरत नाही. एफएसटॅबमधली चुकलेली ओळ तर मशीनच उठू देत नाही, मग त्या मशीनवरचं बाकीचं कामही पाण्यात. ओळ लिहिली की ती बरोबर आहे का हे लगेच 'माउंट -ए' ही कमांड चालवून बघा, आणि शेवटची वीस मिनिटं स्वतः रीबूट करून तपासायला राखून ठेवा.

बाहेर विकले जाणारे 'खरे प्रश्न' घेऊ नका. परीक्षेआधी तुम्ही गोपनीयतेचा करार मान्य करता, तो मोडला तर मिळालेलं सर्टिफिकेटही काढून घेतात.

राहिली मुदत. आरएचसीएसए तीन वर्षं चालते, एलपीआयसी-१ पाच वर्षं. मायक्रोसॉफ्टचं हे सर्टिफिकेशन मात्र एकच वर्ष. ते संपण्याआधीच्या सहा महिन्यांत घरबसल्या, फुकट नूतनीकरण करता येतं. त्याची सूचना ईमेलवर येते आणि जाहिरातींच्या गर्दीत हरवते, म्हणून सर्टिफिकेट मिळालं त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये तारीख टाका. एक दिवस जरी उशीर झाला, तरी दोन्ही परीक्षा पुन्हा पैसे भरून द्याव्या लागतात.