टॅटिंग : लेसचे नमुने, शटल आणि दोऱ्याची निगा

टॅटिंग म्हणजे बोटभर लांबीच्या शटलवर (होडीसारखी, टोकांशी मिटलेली दोन पाती, मध्ये दोरा गुंडाळायचा) दोरा भरून नुसत्या गाठींची लेस करायची. रुमालाची कड, ब्लाउजचा गळा, बाळाचं टोपडं, सगळीकडे शोभते. युरोपात आधी सुटे गोल करून मग सुईने जोडायचे, 1850 च्या दशकात रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी पुस्तकांतून पिकोमध्येच (पिको म्हणजे दोन गाठींमध्ये सोडलेला दोऱ्याचा छोटा फासा) जोडत जायची पद्धत पसरवली, आणि नंतर दुसरा दोरा घेऊन कमानी आल्या तेव्हा कुठे आजच्यासारखे नमुने व्हायला लागले.

सगळ्यात साधा नमुना म्हणजे 4 गाठी, पिको, 4 गाठी, पिको, 4 गाठी, पिको, 4 गाठी आणि दोरा ओढून गोल बंद; पुढचा गोल आधीच्याच्या कडेच्या पिकोत अडकवायचा, असे 6 झाले की फूल. ऐकायला सोपंय पण खरी गोम अशी की गाठ शटलच्या दोऱ्याची नाही, बोटांभोवतीच्या दोऱ्याची पडली पाहिजे आणि शटलचा दोरा तिच्यातून सरळ सरकला पाहिजे, नाहीतर गोल बंदच होत नाही, आणि क्रोशासारखं सर्रकन उसवताही येत नाही, टोचणीने एकेक गाठ सोडत बसा!

म्हणून दोरा गुळगुळीत आणि पीळदार हवा. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, शिकताना 10 किंवा 20 घ्यावा, 80 च्या वाटेला लगेच जाऊ नये. जुनं रीळ आधी झटका देऊन बघायचं, कुजका दोरा नेमका गोल ओढतानाच तुटतो. पीळ जास्त चढला तर शटल लोंबकळत सोडायचं, आपोआप उलगडतं.

शटल गच्च भरू नये. दोरा पात्यांच्या बाहेर आला की हाताने मळतो आणि टोकं फाकतात, एकदा फाकली की दोरा आपोआप सुटत राहतो आणि ते शटल जवळपास वायाच. जमिनीवर पडून टोकाला खरखर आली तर बारीक पॉलिश पेपरने घासावी. पावसाळ्यात लोखंडी शटल कोरडं पुसूनच ठेवायचं, गंजाचा डाग पांढऱ्या लेसवरून जाता जात नाही.

झालेली लेस सौम्य साबणात भिजवायची, पिळायची नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि पिको टाचण्यांनी ताणून वाळवायची. स्टार्च लावून कपाटात टाकू नये, कसर लागते, वापरायच्या वेळी लावा.