प्रीपोझिशनचं ऑब्जेक्ट शोधावं का लागतं?

माझी भाची सातवीत आहे, तिला परवा वर्कशीट आलं होतं की प्रत्येक वाक्यातल्या प्रीपोझिशनल फ्रेजखाली (म्हणजे 'विथ', 'टू' असा नातं दाखवणारा शब्द आणि त्याला जोडून येणारं नाम, हा अख्खा गट) रेघ मारा आणि ऑब्जेक्टला, म्हणजे त्या नामाला, गोल करा. वाक्य होतं 'द बॉय विथ अ रेड बॅग वेन्ट टू द स्टेशन'. रेघा बरोबर मारल्या, पण पहिला गोल केला 'रेड'ला. मी म्हटलं अगं बॅग, बॅग आहे ऑब्जेक्ट, तर म्हणते "पण मावशी, बॅगवर तशी काही खूणच नाहीये ना, कळणार कसं?" मला तिचं म्हणणं एकदम पटलं, कारण ही खूण इंग्रजीत एकेकाळी होती आणि ती गेली म्हणूनच हा शोधाशोधीचा प्रकार सुरू झालाय.

आपल्याकडे बघा. 'घोडा' आणि 'वर' जोडायचं तर 'घोडावर' होत नाही, 'घोड्यावर' होतं, झाडचं 'झाडाखाली', मुलगाचं 'मुलग्यासाठी'. हे सामान्यरूप म्हणजेच ती खूण, शब्दयोगी अव्यय लागायच्या आधीच नाम वाकतं आणि सांगतं की मी कुणाच्या तरी ताब्यात आहे. हजारेक वर्षांपूर्वीची इंग्रजी, म्हणजे ओल्ड इंग्लिश, असंच करायची. राजा म्हणजे 'क्युनिंग', पण 'राजाबरोबर' म्हणायचं तर 'मिड थॅम क्युनिंगे', नामाला शेपूट लागलं आणि आधीचा 'द'सुद्धा बदलला. (हा 'मिड' म्हणजे बरोबर, आज तो 'मिडवाइफ'मध्ये उरलाय, बाईच्या सोबत असणारी. 'विथ'चा तेव्हाचा अर्थ विरुद्ध असा होता, 'फाइट विथ'मध्ये तो अजून जाणवतो.) काही प्रीपोझिशन तर दोन विभक्ती घ्यायच्या. घरात शिरायचं असेल तर 'इन थॅट हूस', घरात असायचं असेल तर 'इन थॅम हूसे'. आज हा फरक नामाकडे राहिलाच नाही, तो 'इंटू' आणि 'इन' सांभाळतात.

मग झालं असं की शब्दाच्या शेवटच्या अक्षरांवर जोर नसल्याने ती बोलताना पुसट होत गेली, उत्तरेकडे स्कँडिनेव्हियन लोकांशी रोजचा व्यवहार होता त्यानेही घसरण वाढली, आणि 1066 ला फ्रान्सकडून नॉर्मन राज्यकर्ते आल्यावर दरबारी लिखाण फ्रेंच आणि लॅटिनमध्ये गेलं, त्यामुळे इंग्रजीची जुनी लेखी वळणं धरून ठेवायला कोणी उरलं नाही. पुढच्या दोनतीनशे वर्षांत नामांच्या विभक्ती जवळपास संपल्या. सगळं काम आलं शब्दांच्या क्रमावर आणि प्रीपोझिशनवर. राहिली ती फक्त सर्वनामं, 'विथ हिम' म्हणतो आपण, 'विथ ही' नाही, आणि हा 'हिम' मूळचा चतुर्थीचा. 'बिट्वीन यू अँड मी' की 'आय' हा घोळ इंग्रजी मातृभाषा असलेलेही घालतात, त्याचं मूळ हेच.

मला सगळ्यात आवडतो तो 'अलाइव्ह' हा शब्द. ही मुळात अख्खी प्रीपोझिशनल फ्रेज आहे, 'ऑन लीफे', जिवंतपणात असलेला. 'लाइफ'ला फ आहे आणि 'अलाइव्ह'ला व्ह, का? कारण शेवटी तो विभक्तीचा 'ए' होता, दोन स्वरांत सापडल्यावर फ चा उच्चार तेव्हा व्ह व्हायचा. ए कधीच गेला, व्ह राहिला. म्हणजे हरवलेली खूण अजून त्या शब्दात ऐकू येते! 'अस्लीप' तसाच, 'अवे' म्हणजे 'ऑन वेग', वाटेवर, आणि 'टुडे'सुद्धा 'टू डॅगे'.

आता नावाचं. ग्रीक व्याकरणकार डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर जे छोटं व्याकरण आहे त्यात शब्दांच्या आठ जाती आहेत आणि त्यात 'प्रोथेसिस', म्हणजे आधी ठेवलेला, असे अठरा शब्द मोजलेत. लॅटिनवाल्यांनी त्याचंच 'प्रेपोझितिओ' केलं. आपल्या पाणिनीने मात्र अशाच शब्दांना कर्मप्रवचनीय म्हटलं आणि त्यांच्या योगाने नामाला कोणती विभक्ती लागते ते सांगितलं, जागेवरून नाव दिलं नाही, मला हे जास्त नेमकं वाटतं. कारण जागेवरून नाव दिलं की मग जागेचा हट्ट येतो. 1672 मध्ये इंग्रज कवी ड्रायडनने वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन टाकण्याला नावं ठेवली, लॅटिनमध्ये तसं चालत नाही ना, आणि तो नियम पुढे कित्येक पिढ्या मुलांच्या डोक्यावर बसला. खरं तर 1762 च्या व्याकरणात रॉबर्ट लाउथने स्वतः कबूल केलं होतं की आपल्या भाषेचा ओढाच तिकडे आहे. 1795 मध्ये लिंडली मरेचं व्याकरण आलं, त्यात प्रीपोझिशन ऑब्जेक्टिव्ह केसवर, म्हणजे कर्माच्या विभक्तीवर, सत्ता चालवतं असा नियम. लॅटिनमध्ये ते प्रत्येक नामावर दिसायचं, इंग्रजीत दाखवायला सर्वनामांपलीकडे काही नव्हतं, पण चौकट तीच राहिली.

न दिसणारी गोष्ट मुलांना दाखवायची कशी, यावर खरा उपाय काढला ब्रुकलिनच्या दोन शिक्षकांनी, रीड आणि केलॉग, 1877 मध्ये. वाक्याची आडवी रेघ, तिच्यावरच्या शब्दाखाली तिरकी रेघ, तिच्यावर प्रीपोझिशन, आणि तिच्या टोकाला पुन्हा आडवी रेघ, तिथे ऑब्जेक्ट. भाचीला मी हेच काढून दिलं, 'बॉय'खाली तिरका 'विथ', त्याच्या टोकाला 'बॅग', आणि 'अ' आणि 'रेड' हे बॅगखाली लोंबतात. मग तिचं तिलाच दिसलं की रेड बॅगला चिकटलाय, विथला नाही.

एक गोष्ट तिने विचारली नाही पण पुढे अडणारच आहे. 'टू द स्टेशन' ही फ्रेज, मग 'टू गो' का नाही? जुन्या इंग्रजीत तीसुद्धा होती, 'टो ड्रिंकेन्ने', प्यायला, इथे क्रियापदालाच चतुर्थी लागायची, अगदी आपल्या 'प्यायला'तल्या 'ला'सारखी. ते शेपूट गळलं आणि 'टू' क्रियापदाची नुसती पाटी होऊन बसला, म्हणून आज तिथे ऑब्जेक्ट शोधायचं नाही. आणि 'कम इन'मधला 'इन'? 2002 मध्ये हडलस्टन आणि पुलम यांनी केंब्रिजच्या मोठ्या व्याकरणात त्याला ऑब्जेक्ट नसलेलं प्रीपोझिशनच म्हटलंय, जसं काही क्रियापदांना कर्म नसतं तसं, आणि मला ते पटतं. पण शाळेच्या पेपरात तिथे ॲडव्हर्ब लिहायचं, असंच मी भाचीला सांगणार आहे.