'प'ची न्याहारी : पोहे आणि पाव

'नाव, गाव, फळ, फूल' खेळताना कुणी 'नाश्ता' असा पाचवा रकाना आखला, तर मुंबईतल्या पोरांना सगळ्यात सोपं अक्षर 'प' पडेल. पोहे, पाव, पुरीभाजी, पॅटिस, पराठा. घरात कोकणातली आजी असेल तर पानगी आणि पोळे. पानगी आता रकान्यातच उरली आहे म्हणा. केळीचं पान आणून, त्यावर पीठ थापून, दोन्ही बाजूंनी भाजत बसायला लोकलच्या वेळापत्रकात जागा नाही. पुरीभाजी दादर-गिरगावच्या उपाहारगृहांनी सांभाळली. खरी सत्ता मात्र पहिल्या दोघांची. पोहे घरच्या कढईत पडतात, पाव सायकलवरून दारात येतो. पोहे आपले आणि पाव परका, असं आपण धरून चालतो. मागे जाऊन पाहिलं की ही वाटणी जरा डळमळते.

पोहे जुने आहेत यात वाद नाही. शब्द आला संस्कृत 'पृथुक'वरून, आणि भागवतात सुदाम्याची बायको शेजारपाजारी मागून चार मुठी आणते ते हेच पृथुक. श्रीमंताघरी न्यायला गरिबाकडे तेवढंच होतं. भात भिजवायचा, भाजायचा, गरम असतानाच कांडून चपटा करायचा. एवढं झालं की दाणा जवळजवळ शिजलेलाच असतो, पुन्हा चूल पेटवायची गरज नाही. फडक्यात बांधा आणि चालू लागा. कोकणात नवं भात घरात येतं त्याच सुमारास दिवाळी येते. नरक चतुर्दशीला पायाखाली कारीट फोडून झालं की फराळाच्या आधी पोह्यांचा मान: दूधपोहे, गुळाचे, दडपे, कोळाचे. मुंबईला आलेला चाकरमानी ही रीत बरोबर घेऊन आला. पोहे यायचे ते पेण-रोह्याकडून. पेणची ख्याती तर पोहे, पापड आणि गणपती यांची, म्हणजे पहिले दोन पुन्हा 'प'च. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, एका स्टोव्हवर, पाणी जायच्या आत सगळं उरकायचं असताना दहा मिनिटांत होणारा दुसरा पदार्थ कुठला होता?

पण आज आपण ज्याला पोहे म्हणतो ते कांदेपोहे सुदाम्याला ओळखता आले नसते. त्यातली मिरची अमेरिका खंडातली. शेंगदाणे तिथलेच. बटाटाही तिथलाच, आणि ही तिन्ही पिकं या किनाऱ्यावर आली ती मुख्यतः पोर्तुगीजांच्या व्यापारातून, सोळाव्या शतकात आणि त्यानंतर. उत्तरेने बटाट्याला 'आलू' म्हणून आपलंसं केलं, आपण पोर्तुगीज नाव तसंच ठेवून घेतलं. मुलगी बघायच्या कार्यक्रमात ज्या बशीवर घराण्याची परीक्षा व्हायची, त्या बशीतला अर्धा ऐवज समुद्रापलीकडचा होता.

आता पाव. हा शब्दही पोर्तुगीज 'पांव'चाच. पायाने कणीक मळतात म्हणून पाव, हे शेजाऱ्याच्या धर्मावर नाक मुरडायला रचलेलं स्पष्टीकरण असावं, आणि चौथा हिस्सा म्हणून पाव, हे हिशेबनिसाचं. 1534 मध्ये वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. 1661 च्या विवाह-करारात त्यांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, वसई मात्र 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. पाव हवा तर पीठ फुगवायला खमीर हवं, आणि इथे हाताशी होती ती माडी-ताडी. तिच्यावर पीठ फुगू लागलं. पुढे इंग्रजी मुंबई वाढली तशी गोव्यातली ख्रिस्ती माणसं खलाशी, आचारी, वाजंत्री होऊन धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांत, उतरली. त्यांच्यात पाव भाजणारेही होते.

ख्रिस्ती हातचा आणि ताडीने फुगवलेला, त्यामुळे हिंदू घरात पाव निषिद्ध ठरला. किती निषिद्ध, ते परमहंस सभेवरून कळतं. 1849 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ही सभा गुपचूप सुरू केली. जातिभेद मानणार नाही अशी शपथ घेणाऱ्या नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. भाषण कुणीही ठोकतो, पावाचा तुकडा गिळला की परतीची वाट बंद. म्हणूनच 1860 च्या सुमारास सभासदांची नावं बाहेर फुटली तेव्हा सभा मोडली. वाळीत पडण्याची तयारी फारच थोड्यांची होती. त्यातलीच काही माणसं पुढे 1867 मध्ये प्रार्थना समाजात दिसतात. (परमहंस, प्रार्थना, पाव: हे अक्षर सुधारकांनाही लाभलेलं दिसतं.) पुण्यात तर 1890 मध्ये पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावं लागलं.

मग हाच पाव मराठी घरात शिरला कसा? माझ्या आजीच्या तोंडी उत्तर होतं: आजारपणातून. ताप आला की दूध-पाव, कारण डॉक्टरांनी सांगितलंय. ताप उतरायचा, पाव राहायचा. पण शहरापुरतं खरं उत्तर गिरणीच्या भोंग्यात आहे. 1850 च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या आणि बायकामुलं गावी ठेवून एकटे राहणारे हजारो पुरुष परळ-लालबागला आले. ते खानावळीत जेवत, पण पहाटेच्या पाळीआधी भाकरी भाजून देणार कोण? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याझ्द-करमानकडचे इराणी इथे आले आणि नाक्यानाक्यावर त्यांची दुकानं उभी राहिली. धोबीतलावचं कयानी 1904 पासून आहे. तिथे चहासोबत ब्रून-मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी, मिळे आणि कुणी जात विचारत नसे. उसळीच्या तर्रीला भाकरीऐवजी लादीपाव लागला, त्याची मिसळ-पाव झाली, आणि 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला असं सांगतात. त्याची कथा इतकी उगाळली गेली आहे की इथे एक ओळ पुरे.

पावाच्या पोटातही बदल होत गेले. ताडीची जागा यीस्टने घेतली, हातांची जागा काही ठिकाणी यंत्राने. भट्टी मात्र पुष्कळ बेकऱ्यांत लाकडाचीच राहिली. विटांची घुमटी रात्री तापवायची, निखारे बाजूला सारायचे आणि त्या साठलेल्या उष्णतेवर पहाटेपर्यंत लाद्या काढायच्या. हवेच्या प्रदूषणावरच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. शेजारच्या इमारतीत धूर गिळणाऱ्याची बाजू खोटी नाही. बेकरीवाल्यांची अडचणही खरी आहे: भायखळा-डोंगरीच्या चिंचोळ्या गल्लीत गॅसची वाहिनी आणायची कुठून, नव्या ओव्हनचे पैसे उभे करायचे कसे, आणि ब्रूनचं ते टाळूला टोचणारं कवच त्यातून येणार का.